वाळवंटातली बदकं आणि तिकिटावरचे पक्षी

चँडलर हे ॲरिझोनातलं, फिनिक्सला लागून असलेलं शहर. सोनोरन वाळवंटात वसलेलं. इथे वर्षभरात पाऊस पडतो तो दोनशे मिलिमीटरच्या आसपास. मुंबईत जुलैतल्या एखाद्या जोरदार दिवशी तेवढा पडून जातो. इंटेलचे कारखाने आणि त्यांच्यामागोमाग आलेल्या कंपन्यांमुळे इथे मराठी घरं बरीच आहेत. नव्याने आलेल्या माणसाला वाटतं, या मुलखात पक्षी दिसलेच तर ते निवडुंगावर. नोव्हेंबर लागला की हा समज फिटतो. शहराच्या आग्नेय कोपऱ्यात व्हेटरन्स ओएसिस पार्क नावाची ११३ एकरांची जागा आहे. तिथली तळी निसर्गाने दिलेली नाहीत. शहराचं सांडपाणी शुद्ध करून ते जमिनीत मुरवण्यासाठी ती खोदली आहेत. थंडीत या पाण्यावर चपट्या चोचीचे थापटे उतरतात, अधूनमधून लांब शेपटीची तलवार बदकंही दिसतात. उजनीच्या आणि जायकवाडीच्या पाण्यावर हिवाळ्यात येतात त्याच या जाती. तिकडची सायबेरिया आणि मध्य आशियातून येतात, इकडची कॅनडा-अलास्कातून.

पक्ष्यांची टपाल तिकिटं जमवायची असतील तर सुरुवात इथून करावी, असं माझं मत आहे. म्हणजे कॅटलॉगपासून नव्हे, घराजवळच्या पाण्यापासून. कारण जगात पक्ष्यांच्या सुमारे अकरा हजार जाती आहेत आणि पक्ष्याचं एकही तिकीट न काढलेला देश शोधून सापडणं कठीण. ‘जगातले सगळे पक्षी’ हा विषय घेऊन बसलेला संग्राहक दोन-तीन वर्षांत थकतो, किंवा मग घाऊक पुडकी विकत घेऊन अल्बम भरत सुटतो. त्या पुडक्यांत बहुतेक काय निघतं तेही सांगायला हवं. १९६४ ते १९७२ या काळात आखातातल्या अजमान, उम्म अल कुवैन, मनामा अशा छोट्या अमिराती संस्थानांच्या नावाने तिकिटांचा पूर आला होता. संस्थानात टपाल नावापुरतं, पण तिकिटं मात्र परदेशातल्या ठेकेदारांनी छापून थेट संग्राहकांना विकलेली. पक्षी, फुलपाखरं, अंतराळवीर, जुनी चित्रं, जे खपेल ते. त्यांवर शिक्काही छापखान्यातच मारलेला असे. अशा तिकिटाने कधी पत्र वाहिलेलं नसतं आणि चित्रातला पक्षी त्या देशात कधी उडालेला नसतो. मुलांना रंगीत चित्रं म्हणून ठीक आहेत. संग्रह म्हणून नाहीत.

चँडलरच्या तळ्यांवरच्या बदकांचा एका तिकिटाशी अगदी थेट संबंध आहे, आणि गंमत म्हणजे ते टपाल तिकीटच नाही. त्याला इथे सगळे डक स्टॅम्प म्हणतात. पोस्टात मिळतं, दिसायला टपाल तिकिटासारखंच, पण पाकिटावर लावलंत तर पत्र जाणार नाही. ते शिकारीच्या परवान्याचं तिकीट आहे.

१९३० च्या दशकात अमेरिकेच्या मध्य भागात सलग दुष्काळ पडला. शेतीसाठी पाणथळ जागा आधीच उपसून कोरड्या केलेल्या होत्या, उरलेल्या आटल्या, आणि बदकांची संख्या कोसळली. १६ मार्च १९३४ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी एका कायद्यावर सही केली: सोळा वर्षांवरच्या कोणालाही स्थलांतरित पाणपक्ष्यांची शिकार करायची असेल तर त्याने दर वर्षी हे तिकीट विकत घ्यायचं आणि त्यावर शाईने स्वतःची सही करायची. पहिल्या तिकिटाचं चित्र काढलं जे नॉरवूड डार्लिंग यांनी, ज्यांना सगळे ‘डिंग’ म्हणत. हे आयोवातल्या ‘डे मॉइन रजिस्टर’चे व्यंगचित्रकार, पुलित्झर पारितोषिक मिळालेले, आणि त्या वेळी वन्यजीव खात्याचे प्रमुख. पाण्यावर उतरणारी मॅलार्ड बदकांची जोडी त्यांनी कामचलाऊ कच्चं चित्र म्हणून काढली होती आणि तेच घाईघाईने छापायला गेलं, असं सांगतात. किंमत एक डॉलर. त्या वर्षी ६,३५,००१ तिकिटं खपली.

आज तेच तिकीट पंचवीस डॉलरला मिळतं आणि त्यातल्या प्रत्येक डॉलरमधले अठ्ठ्याण्णव सेंट पाणथळ जागा विकत किंवा भाड्याने घेण्यासाठी जातात. १९३४ पासून या मार्गाने एक अब्ज डॉलरहून जास्त पैसा आणि साठ लाख एकरांच्या आसपास जमीन पक्ष्यांच्या वाट्याला आली आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हा शब्दच गुन्ह्याच्या रकान्यात गेला, त्यामुळे शिकाऱ्याच्या पैशाने बदक वाचवायचं हे गणित मराठी माणसाला चटकन पचत नाही. मलाही पूर्ण पचलेलं नाही. पण पक्ष्याचं चित्र असलेल्या कागदाच्या तुकड्याने खऱ्या पक्ष्यासाठी एवढं केल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. आता शिकारीशी देणंघेणं नसलेले पक्षीनिरीक्षक आणि संग्राहकही ते घेतात. जिथे प्रवेशशुल्क असतं अशा राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानांत या तिकिटावर मोफत प्रवेश मिळतो, हा वेगळा फायदा.

संग्राहकाच्या दृष्टीने ही मालिका म्हणजे मेजवानी आहे. दर वर्षी एकच तिकीट, एकच जात किंवा जोडी, खंड नाही. १९३८ चं तिकीट रोलंड क्लार्क यांनी काढलेल्या तलवार बदकांचं, १९४५ चं ओवेन ग्रोम यांच्या थापट्यांचं. १९५९ च्या तिकिटावर मात्र तोंडात बदक धरलेला लॅब्रॅडॉर कुत्रा आहे, कारण जखमी पक्षी हातचा जाऊ नये म्हणून कुत्रा पाळा, हा त्या वर्षीचा संदेश होता. मालिकेत कुत्रा हाच मुख्य विषय झाला तो तेवढा एकदाच. १९४९ पासून चित्रासाठी खुली स्पर्धा होते. जिंकणाऱ्याला सरकार रोख बक्षीस देत नाही, त्याच्या तिकिटांचा एक ताव देतं. तरी चित्राच्या प्रती विकून चित्रकाराचं नशीब पालटतं, म्हणून चुरस मोठी असते. मिनेसोटातल्या हाउटमन बंधूंनी ही स्पर्धा इतक्या वेळा जिंकली की कोएन बंधूंच्या ‘फार्गो’ सिनेमात त्यांच्या नावाचा उल्लेख येतो: पोलीस अधिकारी बाईंचा नवरा बदकाचं चित्र तिकिटासाठी पाठवतो आणि हाउटमनच पुढे गेल्याचं दुःख बायकोला सांगतो.

आता खऱ्या टपाल तिकिटांकडे. पक्षी तिकिटावर आला तो पक्षी म्हणून नव्हे, खूण म्हणून. १ जुलै १८४५ रोजी स्वित्झर्लंडच्या बासेल प्रांताने काढलेल्या तिकिटावर चोचीत पत्र घेतलेलं पांढरं कबुतर उठावात छापलेलं आहे. ते कोणत्या जातीचं, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. तो टपालाचा निरोप्या आहे. १८५४ मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने काळा हंस छापला. इथे निदान पक्षी ओळखू येतो, पण तोही वसाहतीचं बोधचिन्ह म्हणून, कारण ती वसाहत स्वान नदीच्या काठी वसली होती. पुढच्याच वर्षी छपाईत चूक होऊन काही तिकिटं अशी निघाली की त्यांवर हंस उलटा दिसतो. प्रत्यक्षात हंस सरळच आहे, चौकट उलटी लागली. या तिकिटाच्या जेमतेम पंधराएक प्रती उरल्या आहेत आणि लिलावात त्यांची किंमत घराच्या किमतीशी स्पर्धा करते. अमेरिकेचा १८६९ मधला ढालीवरचा गरुडही याच जातकुळीचा.

निसर्गातला पक्षी निसर्गातल्यासारखा दाखवण्याचं श्रेय मी जपानला देईन. १८७५ च्या त्यांच्या तीन तिकिटांवर रानहंस, परीट आणि ससाणा आहेत, एकरंगी कोरीव काम असूनही जिवंत. एकरंगी का, तर त्या काळी धातूच्या पट्टीवर रेषा कोरून छापत. एका पट्टीत एक रंग. दुसरा रंग हवा तर कागद पुन्हा छापणीत घाला आणि तो नेमका जागेवर बसावा म्हणून प्रार्थना करा. पक्ष्याची खरी मदार पिसांच्या रंगावर, आणि तोच नाही. म्हणून जुन्या कोरीव तिकिटांत चोच, पाय, बसण्याची ढब यांवर चित्रकाराने जीव ओतलेला दिसतो. पुढे फोटोग्राव्हूर आणि ऑफसेट आले, रंगांची उधळण झाली, आणि ढब बिघडली तरी चालतं असा समज छापखान्यांत शिरला. संग्रहात तुम्ही जे तिकीट ठेवाल ते भिंगाखाली धरून एकच प्रश्न विचारा: नाव झाकलं तर जात ओळखता येते का?

न्यूझीलंडने १८९८ मध्ये काढलेल्या निसर्गचित्रांच्या मालिकेत तीन पेनीच्या तिकिटावर हुइया पक्ष्यांची जोडी आहे. नराची चोच आखूड, मादीची लांब आणि बाकदार. तिकिटावर हा फरक स्पष्ट दिसतो. तिकीट निघालं तेव्हा पक्षी जिवंत होता. १९०१ मध्ये इंग्लंडच्या युवराजाने टोपीत हुइयाचं पीस खोवलं, त्या पिसांना अवाच्या सवा भाव आला, आणि १९०७ नंतर हुइया खात्रीने कोणाला दिसलेला नाही.

पिसांच्या या फॅशनशी चँडलरचंही नातं आहे. शहर ज्यांच्या नावाचं ते डॉ. ए. जे. चँडलर ॲरिझोनाचे पहिले सरकारी पशुवैद्य. त्यांनी १९१२ मध्ये इथले भूखंड विकायला काढले. बायकांच्या टोप्यांसाठी शहामृगाची पिसं तेव्हा सोन्याच्या मोलाने विकली जात, म्हणून या भागात शहामृगांचे कळप पाळले गेले. पहिलं महायुद्ध आलं, मोटारी आल्या, मोठ्या टोप्या गेल्या आणि धंदा बसला. आठवण राहिली ती अशी की १९८९ पासून चँडलरमध्ये शहामृग महोत्सव भरतो. शहामृग तरी पाळलेले होते, पिसं काढली तरी जगत. बगळ्यांचं तसं नव्हतं. त्याच टोप्यांसाठी विणीच्या हंगामातले पांढरे बगळे हजारोंनी मारले जात. त्या कत्तलीविरुद्ध उठलेल्या ओरडीतून अमेरिकेत पक्षीरक्षणाच्या ऑडुबॉन संस्था उभ्या राहिल्या आणि अखेर १९१८ मध्ये स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा झाला. चँडलरच्या संग्राहकाने आफ्रिकेतल्या एखाद्या देशाचं शहामृगाचं तिकीट, हुइया आणि बगळा ही तीन एका पानावर लावली तर ते पान बोलेल. कॅटलॉगच्या क्रमाने लावलेल्या अल्बममध्ये ही तिकिटं एकमेकांना कधी भेटत नाहीत.

ॲरिझोनाचे स्वतःचे पक्षी अमेरिकी तिकिटांवर चांगले आले आहेत. १४ एप्रिल १९८२ रोजी पन्नास राज्यांचे पन्नास पक्षी आणि फुलं एकाच तावात निघाली, प्रत्येकी वीस सेंटची. पक्षी आर्थर सिंगर यांनी काढले, फुलं त्यांचा मुलगा ॲलन याने. ॲरिझोनाच्या तिकिटावर राज्यपक्षी कॅक्टस रेन आणि सग्वारो निवडुंगाचं फूल आहे. हा रेन चोया नावाच्या अति काटेरी निवडुंगात आडवं, बंदिस्त घरटं बांधतो आणि भरवस्तीतही सहज दिसतो. त्या तावाची अडचण अशी होती की सात राज्यांचा पक्षी एकच, लाल कार्डिनल. सहांचा मेडोलार्क, पाचांचा मॉकिंगबर्ड. बिचाऱ्या सिंगरना कार्डिनल सात वेळा, सात ढबींत काढावा लागला. सातही शेजारी लावून पाहा, त्यांचं कौशल्य कळतं.

पण माझ्या मते वाळवंटाचं सर्वांत प्रामाणिक चित्र १९९९ चं आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये टूसानला सोनोरन वाळवंटाचा दहा तिकिटांचा ताव प्रसिद्ध झाला. तेहतीस सेंटची तिकिटं, चित्रकार जॉन डॉसन. सगळा ताव मिळून एकच देखावा, आणि तिकिटं त्यातून सोलून काढायची. कॅक्टस रेन, गिला सुतार, पांढऱ्या पंखांचा होला, गँबेल लावा, सोबत कासव, साप आणि विषारी गिला सरडा. पक्षी एकटा न दाखवता त्याचं घर दाखवलेलं आहे. सग्वारोत सुताराने पाडलेलं भोक नंतर इतर पक्ष्यांच्या कामी येतं, ही वाळवंटातली भाडेकरूंची पद्धत या तावाशिवाय कुठल्याच एकट्या तिकिटावर मावत नाही. म्हणून हा ताव सुटा करू नये.

१९९२ च्या हमिंगबर्डच्या पाच तिकिटांपैकी कोस्टाचा आणि रुंद चोचीचा हे दोन ॲरिझोनाचे मानकरी. हमिंगबर्ड भारतात नाहीत. आपल्या बागेत फुलांवर येतो तो शिंजीर, आणि त्याचा हमिंगबर्डशी काहीही नातेसंबंध नाही, हे भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना दर वेळी सांगावं लागतं. १९७१ च्या वन्यजीव तिकिटांत कॅलिफोर्निया कॉन्डर आहे. त्यानंतर सोळा वर्षांत अशी वेळ आली की उरलेले सगळे सत्तावीस कॉन्डर पिंजऱ्यात होते आणि आकाशात एकही नव्हता. पैदास करून १९९६ च्या डिसेंबरमध्ये ते उत्तर ॲरिझोनातल्या व्हर्मिलियन क्लिफ्सवरून पुन्हा सोडण्यात आले.

आणि एक गमतीचं तिकीट. १९६३ मध्ये अमेरिकेने जॉन जेम्स ऑडुबॉन यांच्या सन्मानार्थ पाच सेंटचं तिकीट काढलं. त्यासाठी निवडलेल्या त्यांच्या चित्रात लांब शेपटीचे निळे ‘कोलंबिया जे’ आहेत. ऑडुबॉनना हा पक्षी ओरेगॉनकडच्या कोलंबिया नदीवरचा म्हणून मेलेल्या अवस्थेत मिळाला होता. प्रत्यक्षात तो वायव्य मेक्सिकोचा. म्हणजे अमेरिकेच्या सर्वांत नावाजलेल्या पक्षीचित्रकाराच्या तिकिटावर अमेरिकेचा रहिवासी नसलेला पक्षी आहे, आणि त्याचं खरं घर कोलंबिया नदीपेक्षा चँडलरला कितीतरी जवळ आहे. ‘आपल्या भागाचे पक्षी’ या अल्बममध्ये तो बसतो की नाही, यावर दोन संग्राहक तासभर वाद घालू शकतात.

भारताने पक्ष्यांकडे टपालखात्याच्या नजरेने पाहायला जरा उशीरच केला. पहिली खास मालिका ३१ डिसेंबर १९६८ ची: लाल चोचीचा निळा मॅगपाय, सुतार, सिमिटर बॅबलर आणि पिवळ्या पाठीचा शिंजीर. तिकिटं छापणारी इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ पासून नाशिक रोडला, त्यामुळे कुठल्याही राज्याचा पक्षी तिकिटावर चढायचा तर त्या काळी नाशिकमार्गेच. १९७५ च्या चार तिकिटांत दोन हिमालयातले तितर आहेत, ट्रॅगोपान आणि मोनाल. पण उरलेले दोन आपल्या ओळखीचे, नवरंग आणि काळ्या डोक्याचा हळद्या. नवरंग पावसाच्या तोंडावर महाराष्ट्रातल्या जंगलात शीळ घालू लागतो, ते ज्याने ऐकलंय त्याला पंचवीस पैशांचं ते तिकीट पुरेसं आहे.

१ नोव्हेंबर १९८० चं दोन रुपये तीस पैशांचं तिकीट माळढोकाचं. जयपूरच्या माळढोकविषयक परिषदेनिमित्त निघालं, तरी मराठी अल्बममध्ये ते सोलापूरच्या पानावर जावं, कारण आदल्याच वर्षी, १९७९ मध्ये, नान्नजचं माळढोक अभयारण्य जाहीर झालं होतं. आज नान्नजला माळढोक दिसला तर बातमी होते. १९८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शताब्दीला एक रुपयाचं महाधनेशाचं तिकीट निघालं. धनेशच का, तर संस्थेच्या मुंबईतल्या कार्यालयात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विल्यम नावाचा एक धनेश आला आणि मरेपर्यंत, पाव शतकाहून अधिक काळ, तिथेच राहिला. तोच पुढे संस्थेचं बोधचिन्ह झाला. याच संस्थेच्या भरत भूषण यांना १९८६ मध्ये आंध्रच्या कडप्पा भागात जर्डनचा धाविक सापडला, जो सुमारे ८६ वर्षं कोणालाही दिसला नव्हता. १९८८ मध्ये त्याचंही एक रुपयाचं तिकीट आलं. पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींचं तिकीट त्यांच्या जन्मशताब्दीला, १९९६ मध्ये.

२०१२ मध्ये भारतातल्या जैवविविधतेच्या खास प्रदेशांतल्या प्राण्यांची तिकिटं निघाली. त्यांत अरुणाचलातला बुगुन लियोसिक्ला आहे, आणि या पक्ष्याची गोष्ट पुण्याशी जोडलेली. रमणा अत्रेय हे पुण्यात काम करणारे खगोलशास्त्रज्ञ. ईगलनेस्ट अभयारण्यात त्यांनी हा पक्षी शोधला आणि २००६ मध्ये नवी जात म्हणून त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. नवी जात जाहीर करायची तर एक पक्षी मारून संग्रहालयात ठेवायचा, ही जुनी रीत. एवढ्या थोड्या पक्ष्यांतला एक मारायला त्यांनी नकार दिला आणि जाळ्यात धरून मोजमाप, फोटो आणि गळालेली पिसं यांवर काम भागवलं. ऑडुबॉनचा मेलेला जे आणि अत्रेयांचा जिवंत सोडलेला लियोसिक्ला, ही दोन तिकिटं समोरासमोर लावण्याचा मोह मला आवरत नाही.

आता एक धोक्याची सूचना. नोव्हेंबर १९९४ मध्ये भारताने धोक्यातल्या पाणपक्ष्यांची चार जोडतिकिटं काढली. अंदमानी बदक, पांढरा करकोचा, काळ्या मानेचा क्रौंच आणि गुलाबी डोक्याचं बदक. शाई पाण्यात विरघळणारी निघाली आणि तिकिटं मागे घ्यावी लागली. पाणपक्षी, आणि पाण्यात टाकले की जातात! ही तिकिटं पाकिटावर मिळाली तर पाकिटासकटच ठेवा. गुलाबी डोक्याचं बदक स्वतःही विसाव्या शतकाच्या मध्यानंतर खात्रीने दिसलेलं नाही.

पाण्यावरून आठवलं. जुन्या पद्धतीने, म्हणजे कोमट पाण्यात भिजवून डिंक सोडवून तिकीट काढण्याचे दिवस अमेरिकेत जवळपास संपले. इथली आजची तिकिटं स्वयंचिकट, आणि सुमारे २००४ नंतरची बरीचशी पाण्याने सुटत नाहीत. कागद फाटतो, गोंद तसाच राहतो. काही जण संत्र्याच्या सालीच्या तेलाचा फवारा वापरतात. माझ्या मते सोडवायच्या भानगडीत न पडता भोवती थोडा कागद ठेवून कात्रीने कापावं. भारतातून आणलेल्या डिंकाच्या कोऱ्या तिकिटांची तऱ्हा वेगळी. मुंबईच्या दमट हवेत ती एकमेकांना चिकटतात आणि त्यांवर तांबूस डाग धरतात. चँडलरच्या कोरड्या हवेत डिंक आकसतो आणि तिकीट आतल्या बाजूला गुंडाळी होतं. सरळ करायला गेलात तर मोडतं. अशा तिकिटांना हात न लावता चिमट्याने उचलून पारदर्शक कप्प्यात ठेवावं आणि वह्या खिडकीपासून लांब, घराच्या आतल्या बाजूच्या कपाटात ठेवाव्यात. ॲरिझोनाचं ऊन लाल रंग सर्वांत आधी खातं.

तिकिटं मिळवायला चँडलरहून फार लांब जावं लागत नाही. ॲरिपेक्स हे राज्याचं तिकीटप्रदर्शन शेजारच्या मेसा शहरातही भरलेलं आहे. तिथे विक्रेत्यांच्या टेबलांखालच्या खोक्यांत सुटी तिकिटं चाळत बसता येतं. टूसानला पोस्टल हिस्टरी फाउंडेशनचं ग्रंथालय आहे. १९४९ पासून काम करणारी अमेरिकन टॉपिकल असोसिएशन विषयवार याद्या पुरवते. भारतातली नवी तिकिटं मुंबईच्या जीपीओतल्या फिलाटेलिक ब्युरोतून नातेवाइकांकरवी मागवावीत. तेवढ्याच निमित्ताने मामा किंवा आत्या पाकिटावर हाताने पत्ता लिहितात.

मग अल्बममध्ये लावायचं काय? चँडलरच्या मराठी घराला माझी सूचना अशी की दोन्हीकडे दिसणारे पक्षीच घ्या. यादी वाटते तेवढी छोटी नाही. थापट्या, तलवार बदक, रातबगळा, मोठा बगळा, मासे मारणारी ऑस्प्रे, बहिरी ससाणा, खिडकीतलं कबुतर. ऑस्प्रे आणि बहिरी ससाणा १९९२ च्या भारतीय शिकारी पक्ष्यांच्या मालिकेत आहेत, दोन आणि सहा रुपयांचे. गायबगळ्याचं पान मात्र अलीकडे अडचणीत आलं: शास्त्रज्ञांनी पूर्वेकडचा आणि पश्चिमेकडचा गायबगळा या दोन जाती मानल्या, त्यामुळे चँडलरच्या गवतातला आणि साताऱ्याच्या म्हशीमागचा आता सख्खे राहिले नाहीत.

यादीत सर्वांत वादग्रस्त पान चिमणीचं. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० मध्ये जागतिक चिमणी दिन सुरू झाला आणि त्याच वर्षी जुलैत भारताने चिमणी आणि कबुतराची पाच-पाच रुपयांची तिकिटं काढली. आपल्याकडे चिमणी म्हणजे हरवत चाललेलं घरातलं माणूस. अमेरिकेत ती १८५० च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये मुद्दाम आणून सोडलेली, देशी पक्ष्यांची घरटी बळकावणारी उपरी; १९१८ च्या पक्षी कायद्याचं संरक्षणही तिला नाही. इथले पक्षीनिरीक्षक तिच्याकडे ज्या नजरेने पाहतात ते पाहून मराठी माणसाच्या पोटात कालवतं. तिकीट लावताना दोन्ही गोष्टी खाली लिहाव्यात.

घरात शाळकरी मूल असेल तर त्याच्यासाठी ज्युनियर डक स्टॅम्पची स्पर्धा आहे. बालवर्गापासून बारावीपर्यंतच्या मुलांनी नऊ बाय बारा इंचाच्या कागदावर उत्तर अमेरिकेतलं एखादं बदक, हंस किंवा रानहंस स्वतः काढून पाठवायचा. दुसऱ्याच्या फोटोची नक्कल चालत नाही, चित्रासोबत संवर्धनाचा छोटा संदेश लिहिता येतो. आधी राज्यपातळीवर निवड होते, राज्यातलं पहिलं चित्र राष्ट्रीय स्पर्धेत जातं आणि तिथे जिंकलेलं पाच डॉलरच्या तिकिटावर छापलं जातं. ही तिकिटं १९९३ पासून निघतात. विषयासाठी जातींची यादी स्पर्धेच्या पुस्तिकेत असते, आणि तिच्यात थापट्या व तलवार बदक दोन्ही आहेत.